नसरुद्दीन पारकरचे पाच गोल

दोह्याच्या सूक वाकिफ बाजारात नसरुद्दीन पारकरच्या दुकानात वेलची घ्यायला गेलेल्या माणसाला वेलची मिळायची, पण त्याआधी १९९३-९४ चा फुटबॉल हंगाम ऐकावा लागायचा. चौदा सामने, पाच गोल. मारलेले नव्हेत, खाल्लेले. अल नौरस हा दोह्यातला दुसऱ्या विभागातला क्लब. महिन्याच्या महिन्याला पगार देणारा, कागदावर सही घेऊन खेळवणारा. त्या क्लबाच्या बचावफळीत डाव्या बाजूला रत्नागिरीचा नसरुद्दीन उभा राहायचा, आणि असा उभा राहायचा म्हणे, की समोरचे फॉरवर्ड त्याला बघूनच बॉल दुसऱ्या बाजूला द्यायचे. गिऱ्हाईक घाईत दिसलं की हा बाबा वेलचीच्या पुडीवर हात ठेवून बोलायचा आणि शेवटचा सामना संपेपर्यंत हात काढायचा नाही.

हे आत्ता ज्या आवेशाने तो सांगत होता, त्याला कारण होतं. बासष्टी उलटली होती. जूनमध्ये तो आणि तय्यबा कायमचे गावी जाणार होते. सदतीस वर्षं दोह्यात काढली आणि मागे काय राहणार, याचा तो अलीकडे विचार करायचा. दुकान मालकाचं. फरीज बिन ओमरानमधल्या दोन खोल्या भाड्याच्या. मशिदीत शेजारी उभा राहणारा माणूससुद्धा दर दोन वर्षांनी बदललेला. आपण विमानात बसलो की आपण इथे होतो याचा या शहराला पत्ताही लागणार नाही, ही गोष्ट त्याला फार लागायची. तय्यबाला तो हे बोलला नव्हता, पण तिला ठाऊक होतं.

अशात एके सकाळी अल नौरसचा सेक्रेटरी खलील दुकानात आला. खलील दोह्यातच जन्मलेला, नसरुद्दीन खेळायचा तेव्हा हा शाळेतही जात नव्हता. क्लबाचा नवा हॉल बांधून झाला होता आणि त्याच्या भिंतीवर एक मोठा फलक लागणार होता. क्लबाच्या बत्तीस हंगामांतल्या सगळ्यात जबरदस्त बचावफळ्या, खेळाडूंच्या नावांसकट, अरबीत आणि इंग्रजीत.

"चाचा, आपका टीम भी देखेगा, इन्शाल्ला," खलील म्हणाला.

"कौन देखेगा?"

"एक इंडियन इंजिनीयर. आपकी बिल्डिंग का. बहुत हिसाबवाला आदमी."

हे राजाभाऊ. पुण्याचे, नसरुद्दीनच्या वरच्या मजल्यावर राहणारे. गॅस कंपनीत पाइपातून नेमका किती गॅस गेला हे सांगणं हा त्यांचा धंदा, आणि जुन्या नामांकित बचावफळ्या खरोखर किती भारी होत्या हे मोजणं हा त्यांचा छंद. त्यांच्यासमोर कुणी एखाद्या जुन्या इटालियन क्लबाचं कौतुक काढलं, की ते चष्मा पुसायला घ्यायचे. चष्मा पुसून झाला की त्या क्लबाचं काही खरं नसायचं.

नसरुद्दीनला मात्र आनंदच झाला. पाच गोलांना मोजमापाची भीती कसली? तरी वरच्या मजल्यावर रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून त्याने तय्यबाला घावणे आणि नारळाचा रस करायला सांगितला.

"मोजणाऱ्याला खायला घालून माप वाढतंय काय?" तय्यबा म्हणाली.

"वाढायला नको, कमी व्हायला पायजे. गोल हायत ते."

राजाभाऊंनी सहा घावणे खाल्ले, बोटं पुसली आणि समजावून सांगितलं. "नसरुद्दीनभाई, उन्हाळ्यातला एक घनमीटर गॅस आणि हिवाळ्यातला एक घनमीटर गॅस सारखा नसतो. तापला की फुगतो. म्हणून आम्ही आधी सगळा गॅस कागदावर एका ठरलेल्या तापमानाला आणतो, आणि मग मोजतो. गोलांचंही तसंच करायचं. एखाद्या वर्षी लीगमध्ये कुणालाच धड गोल मारता येत नसेल, तर तुम्ही पाचच खाल्ले यात तुमचं कौतुक किती? प्रतिस्पर्धी कसे होते, ऊन किती होतं, बाकीच्यांनी किती खाल्ले, हे सगळं धरून दुरुस्ती करायची."

"म्हणजे आमच्या पाचाचे किती होतील?"

"चार पूर्णांक सहा होतील, नाहीतर सात पूर्णांक दोन."

"पूर्णांक दोन कुणी मारला?" नसरुद्दीनने विचारलं. त्याला खरंच त्या माणसाचं नाव हवं होतं. राजाभाऊंनी सातवा घावणा उचलला.

निघताना नसरुद्दीनने आपली त्या वर्षीची वही त्यांच्या हाती दिली. पाचही गोल तारखेनिशी लिहिलेले होते. राजाभाऊ म्हणाले, वही ठेवतो, पण क्लबाच्या तळघरात पंचांनी सही केलेले सामन्यांचे कागद आहेत, मोजणी त्यांच्यावरून होईल.

दहा दिवसांनी, शुक्रवारी नमाजनंतर, राजाभाऊंनी त्याला वर बोलावलं. चहा विचारला नाही, तेव्हाच नसरुद्दीनच्या मनात पाल चुकचुकली.

"तेरा सामन्यांचे कागद मिळाले," राजाभाऊ म्हणाले. "चौदाव्याचा नाही."

"तो धुळीच्या वादळाने अर्ध्यावर सुटला. शून्य-शून्य."

"तसं कागदावर नाही, म्हणून तिथे मी सरासरी धरलीय. पण तेरा सामन्यांत गोल एकतीस आहेत."

नसरुद्दीन हसला. मग राजाभाऊ हसत नाहीत हे बघून थांबला. राजाभाऊंनी पहिला कागद पुढे सरकवला. पहिलाच सामना, एक-चार.

"हां, हा आठवतो," नसरुद्दीन म्हणाला. "यात माझा एकच."

"तुमचा म्हणजे?"

"डावीकडून आलेला."

राजाभाऊंनी पेन खाली ठेवलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या वेळचा कोच सामना संपला की बचावातल्या चौघांना ओळीत उभं करायचा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, तुझ्या बाजूने किती? ज्याचं उत्तर शून्य, त्याला आंघोळीला पहिला नंबर. सात महिने दर सामन्याला हाच हिशेब दिल्यावर नसरुद्दीनच्या डोक्यात तोच क्लबाचा हिशेब होऊन बसला. डावीकडून पाच, म्हणजे पाच. बाकीचे गोल झाले होते हे त्याला माहीत होतं, पण ते परक्यांच्या घरातले होते.

"उजवीकडे कोण होतं?" राजाभाऊंनी विचारलं.

उजवीकडे सुदानचा जियाद होता. तो अजून दोह्यात होता, एका शाळेच्या बसगाड्यांवर देखरेख करायचा. नसरुद्दीनने त्याला तिथल्या तिथे फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"जियाद, उस साल हमने कितना गोल खाया?"

"छह," जियाद लगेच म्हणाला.

"टोटल?"

"मेरी तरफ से छह. टोटल तेरे को मालूम. वही में तू लिखता था."

"और बीच में से?"

"बीचवाला गोलकीपर का होता है, हबीबी. हमारा क्या?"

राजाभाऊंनी कागदावर तीन रकाने पाडले. डावीकडून पाच, उजवीकडून सहा, आणि मधून आलेले, ज्यांना आजवर कुणी वाली नव्हता असे वीस. लीगमधल्या इतर क्लबांनी त्या वर्षी सामन्याला जेमतेम सव्वा गोल खाल्ला होता. सगळ्या दुरुस्त्या करून लीगच्या सरासरीला शंभर धरलं, तर अल नौरसचा त्या वर्षीचा आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी येत होता. या मोजमापात आकडा जितका लहान तितका बचाव चांगला. २०१०-११ च्या फळीचा एक्केचाळीस होता.

"म्हणजे आम्ही कितवे?"

"एकतिसावे," राजाभाऊ म्हणाले. "बत्तिसांत."

नसरुद्दीन जिना उतरून खाली आला. चारच मजले होते आणि त्यातला एकच उतरायचा होता, पण त्याला दोनदा थांबावं लागलं. एकतीस गोलांचं त्याला तेवढं दुःख नव्हतं. आता भिंतीवर नाव येणार नाही, याचं होतं. तय्यबाने दार उघडताच त्याचं तोंड बघितलं.

"कितवे?"

"एकतिसावा."

"कितीतला?"

"बत्तीस."

एरवी या बाईने निदान चार वाक्यं ऐकवली असती. ती काही न बोलता भाकरी उलटायला आत गेली, आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

पुढचे चार दिवस दुकानात वेलची मागितली की वेलचीच मिळत होती. एका नेहमीच्या बाईंना हे इतकं विचित्र वाटलं, की वजन बरोबर आहे ना, असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

पाचव्या दिवशी राजाभाऊ स्वतः दुकानात आले. सूकमध्ये येणं त्यांना आवडत नसे, तिथे कशावरच किंमत लिहिलेली नसते म्हणून. सुक्या लिंबांच्या पोत्याजवळ ते उभे राहिले आणि पोत्याकडे बघतच बोलायला लागले.

"उन्हाची दुरुस्ती मी पस्तीस अंश धरून केलीय. तुमचे सामने दुपारचे होते. चाळीस धरले, आणि प्रतिस्पर्धी जरा तगडे होते असं मानलं, तर तुम्ही सतराव्या क्रमांकावर जाता. कुणी तपासायला येणार नाही."

तीस वर्षांत ज्या माणसाने दशांश चिन्हानंतरचा तिसरा आकडासुद्धा कुणाच्या भिडेखातर हलवला नव्हता, तो हे बोलत होता. त्यांचे कान लाल झाले होते. नसरुद्दीनला एकदम भरून आलं. त्याने त्यांना स्टुलावर बसवलं, शेजारच्या दुकानातून करक चहा मागवला, आणि मग विचारलं, "सतराव्याचं नाव भिंतीवर येतं काय?"

"नाही. पहिले तीन, आणि शेवटचा."

"शेवटचा कशाला?"

"माप म्हटलं की त्याची दोन्ही टोकं पक्की करावी लागतात," राजाभाऊंना आता बोलायला हुरूप आला. "मीटरसुद्धा आम्ही तसाच तपासतो. नुसतं वरचं टोक दाखवलं तर बघणाऱ्याला कळणार कसं, की एक्केचाळीस म्हणजे किती चांगलं? बचाव किती वाईट असू शकतो, तेही शेजारी दिसायला हवं. खलील नको म्हणत होता, मीच हट्ट धरला."

"शेवटच्या फळीचीही नावं येणार?"

"चौघांची. अरबीत आणि इंग्रजीत."

"आणि एकतिसाव्याची?"

"एकतिसावा कुठेच नाही."

नसरुद्दीनने समोरचं जिरं एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत ओतलं आणि पुन्हा पहिलीत ओतलं. "बत्तिसावा कोण आहे?"

"२००२-०३. एकशे एक्क्याण्णव. तुमच्याहून तीनने वाईट."

"तीन म्हणजे गोल किती?"

राजाभाऊंनी मनात आकडेमोड केली. "हंगामाला साधारण अर्धा."

अर्धा गोल. कालपरवापर्यंत हाच माणूस एकेक गोल कमी करायला घावणे घेऊन जिने चढत होता, आणि आता त्याला अर्धा गोल जास्तीचा हवा होता. तो कुठे आहे हेही त्याला ठाऊक होतं. अर्धा नव्हे, चांगले सहा होते. तीस वर्षं त्याने ते कुणाला दाखवले नव्हते, तय्यबालाही नाही. दाखवले की पाच गोलांची गोष्ट कायमची संपली. नाही दाखवले तर जूनमध्ये आपण इथून असे जाणार, की जणू कधी आलोच नव्हतो. गोष्ट आपण रत्नागिरीला बरोबर नेऊ, पण तिथे ती ऐकणार कोण? तिथे फुटबॉल टीव्हीवर लागला तरी लोक चॅनेल बदलतात.

"राजाभाऊ," तो म्हणाला, "चौदाव्या सामन्यात सहा गोल झाले. सहा-शून्य."

राजाभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "तुम्ही तर म्हणालात वादळ आलं."

"आलं ना. पण सामना संपल्यावर आलं. तीन गोल माझ्या बाजूने होते. आम्ही चौघांनी खोलीत शपथ घेतली, की हा सामना झालाच नाही."

"आणि पंचांचा कागद?"

"तो क्लबात पोचवायचं काम माझ्याकडं होतं."

राजाभाऊंनी चष्मा काढून पुसला. असली गळती त्यांना आजवर कुठल्याच पाइपात सापडली नव्हती. मग ते म्हणाले, कागद नसेल तर दोन साक्षीदार हवेत, एकाच्या शब्दावर मी आकडा बदलणार नाही, मग तो आकडा तुमच्या विरोधातला का असेना.

पुन्हा जियादला फोन गेला. नसरुद्दीनने चौदाव्या सामन्याचं नाव काढलं.

"तूने कसम तोड़ी," जियाद म्हणाला. त्याचा आवाज खरंच दुखावलेला होता.

नसरुद्दीनने त्याला भिंत, फलक, अर्धा गोल, सगळं सांगितलं. जियाद ऐकत होता. मागे बसचा हॉर्न वाजत होता.

"मेरा नाम भी आएगा?"

"तेरा भी."

"अरबी में?"

"अरबी में."

"छह थे," जियाद म्हणाला. "सातवां भी था. रेफ्री ने ऑफसाइड दिया, लेकिन वल्लाह, ऑफसाइड नहीं था. लिखना है तो सात लिखो."

राजाभाऊंनी सहा लिहिले. आकडा दोनशे आठ झाला. २००२-०३ च्या चौघांनी सुटकेचा निःश्वास टाकला असता, पण त्यांना हे काही माहीतच नव्हतं. ते बिचारे कुठेच नव्हते.

घरी आल्यावर नसरुद्दीनने तय्यबाला सगळं सांगितलं. सहा गोल, शपथ, कागद, सगळं. बोलताना त्याची मान वर होत नव्हती.

"म्हणजे आता शेवटचे?"

"शेवटचा."

"पण नाव येणार?"

"येणार."

"मग तो निळा सूट काढा," तय्यबा म्हणाली. "आल्टर करायला टाकायला पायजे. त्यात आता तुमचा अर्धाच माणूस मावंल."

फलकाच्या दिवशी क्लबाचा हॉल भरून गेला होता. २०१०-११ च्या फळीतले खेळाडू पुढच्या रांगेत होते, अत्तराचा घमघमाट त्यांच्याकडूनच येत होता. नसरुद्दीन आणि जियाद मागे बसले होते. मधल्या दोघांपैकी एक वारला होता, दुसरा खार्तूमला होता आणि त्याने फोनवर सगळ्या गोलांची जबाबदारी पुन्हा एकदा गोलकीपरवर टाकली होती.

पडदा सरकला. वर तीन फळ्या होत्या, सोनेरी अक्षरांत. खाली थोडी जागा सोडून चौथी. खलीलने माइकवर पहिल्या तीन फळ्यांतली नावं वाचली, टाळ्या झाल्या. मग त्याने चौथा आकडा वाचला, दोनशे आठ, आणि हॉल हसायला लागला. नसरुद्दीनचे कान तापले. जियादने त्याचं मनगट धरलं. पण खलीलने दोघांना पुढे बोलावलं, तेव्हा हसणारे लोक उठून उभे राहिले, आणि टाळ्या पहिल्या नंबराला पडल्या होत्या त्याहून जास्त वेळ वाजत राहिल्या. आपल्या आयुष्यात एवढे लोक आपल्यासाठी एकदम उभे राहिलेले नसरुद्दीनने बघितले नव्हते. सहा-शून्यच्या दिवशी तर लोक सामना संपायच्या आधीच उठून गेले होते.

कार्यक्रम संपल्यावर तय्यबा फलकाजवळ गेली आणि बोट ठेवून इंग्रजी अक्षरं एकेक करून लावू लागली. नसरुद्दीन पारकर. नाव बरोबर होतं. मग ती थांबली.

"अवो, हितं काय लिवलाय बघा."

प्रत्येक खेळाडूच्या नावाखाली बारीक अक्षरांत तो कुठला ते लिहिलेलं होतं. वरच्या फळ्यांमध्ये मोरोक्को होतं, ब्राझील होतं, घाना होतं. जियादच्या नावाखाली सुदान. नसरुद्दीनच्या नावाखाली लिहिलं होतं, फरीज बिन ओमरान, दोहा.

नसरुद्दीनने खलीलला हाक मारली. खलील धावत आला, चूक झाली की काय या भीतीने त्याने मोबाइलवर क्लबाच्या जुन्या नोंदवहीचा फोटो उघडला. तीस वर्षांपूर्वी क्लबात नाव घालताना रकान्यात एवढंच विचारलं होतं, कुठून आलात? आणि तिशीतल्या नसरुद्दीनने, नुकत्याच शिकलेल्या वाकड्यातिकड्या अरबीत, सकाळी तो ज्या खोलीतून निघून आला होता तिथला पत्ता लिहिला होता.

"आपके हाथ का लिखा है, चाचा," खलील म्हणाला. "इंडिया लिखना है क्या? कल बदल देगा, खलास."

नसरुद्दीनने खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"नहीं," तो म्हणाला. "सही लिखा है."